गाडीबरोबर थांबणे

सोलापुरातून निघालेल्या मोटारी कुठे जातात हे पाहिले की या शहराची जागा नकाशावर नीट कळते. पुण्याहून हैदराबादला जाणारा महामार्ग इथून जातो, धुळ्याहून विजयपूरकडे उतरणारा महामार्ग त्याला इथेच भेटतो, आणि भोवताली देवस्थानांचे मोठे वर्तुळ आहे. चाळीसेक किलोमीटरवर अक्कलकोट, पंचेचाळीसच्या आसपास तुळजापूर, पाऊणशेच्या घरात पंढरपूर. त्यामुळे इथली मोटार एकट्या माणसाला कचेरीत नेण्यासाठी जितकी वापरली जाते, तितकीच सबंध घराला दर्शनाला नेण्यासाठीही. पुढे दोघे, मागे चौघे, त्यांतल्या एकीच्या मांडीवर लहान मूल, असा हा प्रवास असतो. पुढचे दोघे बेल्ट लावतात, कारण समोरच्या काचेतून पोलिसाला ते दिसतात आणि न लावल्यास गाडी टुंग-टुंग वाजत राहते. मागचे बेल्ट मात्र आसनाच्या फटीत गेलेले असतात, कधी आच्छादनाखाली कायमचे शिवून टाकलेले असतात. बेल्ट हे कायद्याचे ओझे आहे, आणि जिथे कायदा पाहत नाही तिथे ते उतरवून ठेवायला हरकत नाही, ही समजूत या व्यवस्थेतून स्पष्ट दिसते. या प्रकरणात मांडायचे आहे ते याच्या नेमके उलट. बेल्ट हा मोटारीला जोडलेला जास्तीचा भाग नाही. मोटारीत माणसाला वाचवण्यासाठी जे जे केलेले असते, ते सगळे बेल्ट लावलेला माणूस गृहीत धरून केलेले असते. बेल्ट न लावणारा माणूस त्या गाडीत बसलेला असतो, पण तिच्या संरक्षणात नसतो.

हे समजण्यासाठी धडकेचा क्षण सावकाश पाहावा लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एखाद्या भक्कम कठड्यावर आदळली, तर तिचे पुढचे नाक चेपत जाते आणि साधारण अर्ध्या-पाऊण मीटरच्या चेपण्यात गाडी थांबते. हे चेपणे म्हणजे पत्रा कमजोर असल्याची खूण, असे अनेकांना वाटते आणि ‘जुन्या गाड्यांचा पत्रा कसा दणकट होता’ अशी हळहळ व्यक्त होते. खरे तर ते नाक चेपावे म्हणूनच तसे घडवलेले असते, कारण थांबायला जितके अंतर जास्त मिळेल तितका मार कमी बसतो. समजा, गाडी ६० सेंटिमीटरमध्ये थांबली. याला लागणारा वेळ सेकंदाच्या चौदाव्या भागाइतका. एवढ्या वेळात आतल्या माणसालाही गाडीबरोबर थांबवायचे, तर त्याच्या वजनाच्या सुमारे चोवीसपट जोर लावावा लागतो. ७० किलोच्या माणसासाठी तो होतो साडेसोळाशे किलो. हा जोर भयंकर आहे, पण तो हाडांवर नीट वाटून दिला तर निरोगी शरीर तो सोसू शकते. आता बेल्ट नसलेला माणूस घ्या. गाडी थांबत असते तेव्हा त्याला थांबवणारे काहीच नसते, म्हणून तो ताशी ६० च्याच वेगाने पुढे जात राहतो. तो सुकाणूपाशी किंवा समोरच्या फळीपाशी पोचतो तोवर गाडीचे थांबणे जवळजवळ संपलेले असते. ६० सेंटिमीटरचे ते मोलाचे अंतर त्याच्या वाट्याला आलेच नाही. त्याची छाती पाच सेंटिमीटर दबून थांबली, तर तिला सोसावा लागणारा जोर होतो वजनाच्या पावणेतीनशे पटींहून अधिक. गाडी तीच, वेग तोच, धडक तीच. फरक एवढाच की एक जण गाडीबरोबर थांबला आणि दुसरा गाडी थांबल्यानंतर.

ताशी ६० चा वेग आपल्याला किरकोळ वाटतो, कारण आत बसल्यावर तो अंगाला जाणवत नाही. पण या वेगाने आदळणे हे सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडण्याइतकेच आहे. ताशी १०० ला ती उंची ३९ मीटर होते. गच्चीच्या कठड्याशिवाय कोणी लेकराला गच्चीवर खेळू देणार नाही. मोटारीतली उंची दिसत नाही, एवढेच.

आज आपण वापरतो तो तीन ठिकाणी बांधलेला बेल्ट स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये प्रत्यक्षात आणला. त्याआधी ते साब कंपनीत लढाऊ विमानांतून वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेवर काम करत होते. म्हणजे शरीर किती धक्का सोसू शकते आणि तो शरीराच्या कोणत्या भागाने सोसावा, हा त्यांच्या रोजच्या कामाचा विषय होता. त्या काळी मोटारींत बेल्ट होते, पण बहुतेक नुसते कमरेचे. धडकेत माणूस त्यावर दुमडला जाई, डोके पुढे आदळे आणि पट्टा पोटात रुते. वैमानिकाला बांधतात तसे चार-पाच पट्टे सामान्य माणूस रोज लावणार नाही, हे बोलिन यांनी ओळखले. एका हाताने, एका हालचालीत लागेल असा पट्टा हवा. त्याचा एक भाग छातीवरून आणि दुसरा कमरेवरून जावा. आणि दोन्ही भाग आसनाच्या बाजूला, खाली एकाच जागी मिळावेत, म्हणजे धक्क्यात पट्टा वर सरकणार नाही. एवढ्या साध्या रेषांमध्ये हा शोध आहे. व्होल्वोने त्याचे पेटंट घेतले, पण इतर उत्पादकांनाही ती रचना वापरू दिली. पुढे १९६७ मध्ये कंपनीने २८ हजार अपघातांची पाहणी मांडली, तेव्हा बेल्टने किती इजा टळतात हे आकड्यांत दिसले. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने बेल्ट लावण्याची सक्ती केली आणि मग एकेका देशाने तीच वाट धरली.

बेल्टची पट्टी हे विणलेले कापड आहे, आणि सोलापुरात ताणा-बाणा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. चादरीत नक्षीसाठी दोन्ही दिशांच्या धाग्यांचा विचार असतो. बेल्टमध्ये जवळजवळ सारा भार ताण्याच्या उभ्या पॉलिएस्टर धाग्यांवर असतो. जगभर मानल्या जाणाऱ्या प्रमाणानुसार ही पट्टी किमान ४६ मिलिमीटर रुंद असावी लागते आणि सुमारे दीड टन भाराखाली तुटता कामा नये. हे दोन्ही आकडे सारखेच महत्त्वाचे. तुटू नये ही गरज सगळ्यांना कळते; रुंदीचे कारण पटकन लक्षात येत नाही. पट्टीला पीळ पडला आणि ती दोरीसारखी होऊन दीड सेंटिमीटरवर आली, तर तोच जोर तिप्पट दाबाने बरगडीवर येतो. म्हणून बेल्ट ओढताना पीळ काढणे ही टापटिपीची बाब नाही. मोठ्या धडकेत हे धागे ताणले जातात, आणि तो ताण पुन्हा मागे येत नाही. अपघातात काम करून गेलेला बेल्ट वरून धडधाकट दिसला तरी तो बदलावाच लागतो. जुनी गाडी घेणाऱ्याने रंग आणि टायर पाहण्याआधी चारही बेल्ट पूर्ण बाहेर ओढून कडा उसवल्या आहेत का, मध्येच कापड ताणून चकचकीत झाले आहे का, हे पाहावे. मग एक झटका द्यावा. सावकाश ओढला तर सुटणारा आणि झटक्याला जागीच अडकणारा बेल्ट ठीक आहे, कारण गुंडाळीतली कळ झटका ओळखूनच अडकते. झटक्यालाही सैल सुटत असेल तर तो निव्वळ फीत आहे.

जोर हाडांवर यावा, हे एकदा ध्यानात आले की बेल्ट कसा लावायचा याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कमरेची पट्टी कमरेच्या दोन्ही बाजूंना जी हाडे हाताला लागतात त्यांच्यावर, मांड्यांना टेकेल इतकी खाली हवी. ती पोटावर आली तर तो सगळा भार यकृत, प्लीहा आणि आतडी यांच्यावर जातो. तिथे त्याला अडवायला हाड नाही. खांद्याची पट्टी मान आणि दंड यांच्या मधोमध, गळ्याच्या हाडावरून येऊन छातीच्या मधल्या हाडावरून जायला हवी. मानेला घासते म्हणून अनेक जण ती काखेखालून घेतात. त्याने पट्टी बरगड्यांच्या खालच्या, नाजूक भागावर येते आणि वरचे अंग मोकळे राहते. घासत असेल तर बहुतेक गाड्यांत दाराच्या बाजूच्या खांबावर पट्टीची उंची बदलण्याची सोय असते, ती वापरावी. बेल्ट लावल्यावर वरची पट्टी एकदा ओढून कमरेचा सैलपणा काढावा. प्रत्येक सेंटिमीटरचा ढिलेपणा म्हणजे गाडी थांबू लागल्यावरही शरीराने मोकळे पुढे गेलेले अंतर. आणि पाठ टेकून, आसनाची पाठ उभी ठेवून बसावे. हैदराबादच्या रात्रीच्या प्रवासात आसन मागे पाडून झोपण्याची सवय पुष्कळांना असते. त्या स्थितीत वरची पट्टी छातीपासून लांब हवेत राहते आणि धडकेत शरीर कमरेच्या पट्टीखालून पुढे सरकते. असा माणूस बेल्ट लावूनही बेल्टबाहेरच असतो.

आपल्याकडच्या कपड्यांचाही विचार केला पाहिजे. परदेशी माहितीपत्रकांत तो नसतो. साडीच्या निऱ्यांचा आणि कमरेच्या गाठीचा जाड थर नेमका कमरेच्या पट्टीच्या जागी येतो, आणि पट्टी त्यावरून पोटावर सरकते. पट्टी निऱ्यांच्या उंचवट्याच्या खाली, मांड्यांच्या सांध्यापाशी बसवून मग ओढून घेतली तर ती जागेवर राहते. पदर पट्टीच्या वरून घ्यावा, पट्टीखाली चुरगळून ठेवू नये. शाल आणि जाड जाकीट यांनाही हेच लागू. गरोदर बाईने बेल्ट लावू नये, ही समजूत तर सर्रास ऐकू येते, आणि ती काळजीपोटी आलेली असल्याने तिला उत्तर नीट द्यायला हवे. बाळाला सर्वांत मोठा धोका आईला होणाऱ्या इजेचा असतो. कमरेची पट्टी पोटाच्या फुगवट्याखाली, वरची पट्टी दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने जाईल अशी लावली, तर भार पोटावर येत नाही आणि आई गाडीबरोबर थांबते. जगभरचा वैद्यकीय सल्ला नवव्या महिन्यापर्यंत हाच आहे.

आता मागच्या आसनाकडे वळू. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक महागडी, सुरक्षिततेसाठी नावाजलेली मोटार कठड्यावर आदळली. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जागीच गेले. दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. त्या धडकेने महाराष्ट्रात काही आठवडे बेल्टची चर्चा झाली आणि मुंबई वाहतूक पोलिसांनी नोव्हेंबरपासून सर्व प्रवाशांना बेल्टची सक्ती जाहीर केली. नियम मात्र नवा नव्हताच. मागे, समोर तोंड करून बसलेल्यांनीही बेल्ट लावावा असे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासून लिहिलेले आहे. त्याआधी ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत मागच्या आसनावर बसलेले असताना गाडीला बाजूने धडक बसून गेले. तेव्हाही बेल्टबद्दल बोलले गेले. बाजूच्या धडकेत बेल्टचा उपयोग समोरच्या धडकेइतका होत नाही, त्यामुळे त्या एका अपघातात नक्की काय झाले असते ते कोणी छातीठोकपणे सांगू नये. एकेका मृत्यूवरून सिद्धान्त काढायचा नसतो. त्यासाठी मोठे आकडे लागतात. ते उपलब्ध आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात बेल्ट न लावलेले १६,७१५ लोक रस्त्यावर मरण पावले. त्यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१, म्हणजे जवळजवळ निम्मे. शेजारी किंवा मागे बसलेल्याला धोका कमी, ही समजूत या एका आकड्यापुढे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बेल्टमुळे गाडीतल्या माणसाच्या मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होतो.

मागचा माणूस फक्त स्वतःचाच जीव धोक्यात घालतो, असेही नाही. जपानमधील एक लाखाहून अधिक अपघात तपासून तोक्यो विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडला, की मागे बसलेल्यांनी बेल्ट लावलेला नसेल तर पुढच्या, बेल्ट लावलेल्या माणसांच्या मृत्यूचा धोका सुमारे पाचपट होतो. कारण उघड आहे. मागचा साठ-सत्तर किलोचा देह गाडीच्या वेगाने पुढच्या आसनाच्या पाठीवर येऊन आदळतो, आणि तिथे बेल्टने जागी धरलेला माणूस दोन्ही बाजूंनी चेपला जातो. म्हणून ‘माझा जीव, माझी मर्जी’ हा युक्तिवाद बेल्टच्या बाबतीत लागू पडत नाही. मागे बसलेल्या आजोबांनी बेल्ट लावला नाही, तर त्याचा दंड गाडी चालवणाऱ्या मुलाला किंवा सुनेला भोगावा लागू शकतो. वडीलधाऱ्यांना ‘बेल्ट लावा’ म्हणायला संकोच वाटतो हे खरे, पण त्यांना हे कारण सांगून पाहावे; स्वतःच्या जिवाची पर्वा नसलेला माणूसही लेकराच्या जिवाची करतो.

गावातल्या गावात बेल्ट कशाला, हा सर्वांत लाडका आक्षेप. सात रस्त्यावरून नवी पेठेत जायला दहा मिनिटे लागतात, वेग चाळीसच्या वर जात नाही. पण चाळीसने जाणारी तुमची गाडी आणि चाळीसने समोरून आलेली तेवढ्याच वजनाची गाडी आदळली, तर प्रत्येकीतला माणूस चाळीसच्या वेगाने भिंतीवर आदळल्यासारखाच असतो, आणि समोर मालमोटार असेल तर हिशेब पुष्कळ वाईट. चाळीसच्या वेगालाही शरीराला थांबवायला लागणारा जोर वजनाच्या दहा-बारापट असतो. दोन्ही हात फळीला टेकवून एवढा जोर कोणी पेलू शकत नाही.

एअरबॅग आहे ना, हा दुसरा आक्षेप, आणि नव्या गाड्यांबरोबर तो वाढत चालला आहे. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात फुगते, म्हणजे ती स्वतःच एक प्रचंड ठोसा असते. बेल्टने मागे धरलेले शरीर तिच्यापर्यंत पोचते तेव्हा ती फुगून झालेली असते आणि मऊ उशीचे काम करते. मोकळे शरीर ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन पडते. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत एअरबॅगच्याच माराने २९० हून अधिक लोक गेले, आणि त्यांतले बहुसंख्य बेल्ट न लावलेले किंवा चुकीचा लावलेले होते. पुढच्या आसनावर कोणाच्या मांडीवर मूल बसवणे किती भयंकर आहे, हे यावरून कळावे.

पेट्रोलने पेट घेतला किंवा गाडी पाण्यात गेली तर बेल्टमुळे अडकू, ही भीती उजनीच्या जलाशयाकाठून जाणाऱ्याला वाटली तर नवल नाही. पण आग किंवा पाणी हे अपघातांच्या फार थोड्या वाट्यात असते, आणि तिथेही आधी धडक होते. तिच्यानंतर शुद्धीवर राहिलेला माणूसच खटका दाबून दार उघडू शकतो. डोके फुटून बेशुद्ध पडलेल्याला मोकळेपणाचा उपयोग नाही. ‘वेळ आली की बेल्टही वाचवत नाही’ असे म्हणणाऱ्याला मात्र आकडे सांगून भागत नाही, कारण तो श्रद्धेतून बोलत असतो. त्याला एवढेच विचारता येईल की विहिरीला कठडा का बांधतो, विजेच्या खांबाला हात का लावत नाही. वेळ कोणाच्या हाती नसली तरी ताण्याचे धागे आपल्या हाती आहेत.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावू नये. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, उन्हात उभ्या गाडीचे बक्कल हाताला चटका देते, पट्टीखाली घामाने कपडा चिकटतो. त्यावर उपाय आहेत: गाडी सावलीत लावणे, आसनावर पांढरा पंचा टाकणे, दारे उघडून मिनिटभर हवा खेळू देणे. बेल्ट आसनामागून घेऊन खटक्यात अडकवणे किंवा बाजारात मिळणारी नुसती पत्ती खटक्यात खोचून गजर बंद करणे, हा उपाय नव्हे. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना अशा पत्त्यांची विक्री थांबवायला लावली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जाहिराती काढून टाकाव्या लागल्या. जीव वाचवणाऱ्या गजराला फसवण्यासाठी पैसे मोजणारे इतके गिऱ्हाईक असावे, हे क्लेशदायक आहे.

मुलांचा प्रश्न राहतो, आणि तो सर्वांत निकडीचा. १० किलोचे मूल ६० च्या वेगाला, वर पाहिलेल्या हिशेबाने, २४० किलोचे होते. आईचे हात कितीही घट्ट असले तरी ते सुटतेच. आईने बेल्ट लावलेला नसेल, तर तिच्या देहाचा भारही त्याच्यावर येतो. तान्ह्या बाळासाठी मागे तोंड करून बसवायची बालआसने असतात, कारण त्याची मान डोक्याचा भार पेलत नाही आणि पाठीकडून मिळणारा आधार तो भार सगळ्या पाठीवर पसरवतो. असे आसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. थोड्या मोठ्या मुलासाठी पुढे तोंड करणारे आसन, आणि उंची साडेचार-पावणेपाच फुटांवर जाईपर्यंत बूस्टर लागतो, ज्याने मूल वर उचलले जाऊन मोठ्यांचा बेल्ट त्याच्या गळ्याऐवजी खांद्यावर आणि पोटाऐवजी कमरेच्या हाडांवर येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील कलम १९४ ब मध्ये १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालआसनात न बसवल्यास १,००० रुपये दंड सांगितला आहे. बालआसनाची किंमत अनेक घरांना जड वाटते हे मान्य. पण गाडीच्या चकचकीत चाकांवर आणि आवाजाच्या पेट्यांवर त्याहून जास्त खर्च करणारी घरे थोडी नाहीत, आणि मूल मोठे झाल्यावर ते आसन भावंडाला, भाच्याला देता येते. मात्र अपघातातून गेलेले आसन कोणालाही देऊ नये.

उरते ती पाच बेल्टांच्या गाडीत सात माणसांची गोष्ट. तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. एका पट्ट्यात दोघे बसले तर धडकेत त्यांची डोकी एकमेकांवर आदळतात आणि पट्टा दोघांच्याही हाडांवर नीट बसत नाही. तुळजापूरला निघताना माणसे मोजण्याआधी बेल्ट मोजावेत. मागच्या मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असेल तर ती जागा लहान मुलाला न देता मोठ्या माणसाने घ्यावी. जास्तीच्या दोघांसाठी सोलापूरच्या स्थानकातून तुळजापूरची एसटी दिवसभर मिळते, आणि तासाभराच्या अंतराने देवळाच्या पायऱ्यांवर सगळे पुन्हा भेटतात.